केस उपटणं, त्वचा खरडणं, नखं कुरतडणं आणि आपली मूल्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सवय मोडण्याचे उपाय बहुतेकांनी वाचलेले असतात. हातात काहीतरी धरा, नखं कापा, आरसा झाका. अडतं ते दुसरीकडेच: रात्री अकरा वाजता, दमलेलं असताना, बोटांना हवा तो केस सापडलेला असताना हे उपाय करायचे तरी कशासाठी? खालची उत्तरं मुख्यतः त्या ‘कशासाठी’बद्दल आहेत.

या सवयी म्हणजे नेमक्या कोणत्या? आणि आजार केव्हा म्हणायचं?

डोक्याचे, भुवयांचे, पापण्यांचे किंवा अंगावरचे केस उपटणं, पुटकुळ्या, खपल्या, नखांभोवतीची कातडी खरडणं, नखं खाणं, ओठांची सालं काढणं, गाल आतून चावणं. या सगळ्यांना मिळून ‘बीएफआरबी’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या शरीरावर पुन्हा पुन्हा होणारं वर्तन. यातलं थोडंफार काहीतरी पुष्कळांना असतं. केस विरळ होत असतील किंवा जखमा भरत नसतील, थांबायचे प्रयत्न वारंवार फसत असतील आणि त्यापायी मनाला त्रास होत असेल किंवा रोजची कामं अडत असतील, तर निदानाचा विचार करावा लागतो.

केस उपटण्याला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १८८९ मध्ये दिलं. त्वचा खरडण्याला मात्र स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळायला २०१३ सालचं डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) उजाडावं लागलं. दोन्ही निदानं तिथे ओसीडीच्या (त्याच त्या विचारांचा आणि कृतींचा आजार) शेजारी बसवलेली आहेत, पण म्हणून ती ओसीडीच नाहीत. ओसीडीत बहुधा एखादा भीतिदायक विचार माणसाला कृतीकडे ढकलतो. इथे बऱ्याचदा बोटांना लागलेला खरखरीतपणा पुरतो, आणि उपटल्यावर बरंही वाटतं.

मनाशी पक्कं ठरवूनही का थांबत नाही?

कारण उपटल्यावर लगेच मोकळं वाटतं आणि मेंदू तेवढंच लक्षात ठेवतो. लाज, आग, टक्कल हे सगळं मागाहून येतं, तोपर्यंत सवयीचं काम झालेलं असतं. दुसरं म्हणजे निम्म्या वेळा ठरवणारा माणूस तिथे हजरच नसतो. एक प्रकार जाणीवपूर्वक: ताण आला, कंटाळा आला, टोचणारा केस सापडला आणि तो काढायचाच ठरवला. दुसरा नकळत: वाचताना, गाडी चालवताना, स्क्रीनकडे बघताना हात आपोआप वर गेला. एकाच माणसात बहुधा दोन्ही असतात.

शिवाय ‘ऊर्मी यायलाच नको’ अशी अट घातली की माणूस ऊर्मी आली का हेच तपासत बसतो. आणि तपासायला बोटं केसांतच फिरवतो.

इथे ‘मूल्यं’ म्हणजे काय? ध्येयांपेक्षा ती वेगळी कशी?

आपल्याला कसं वागायचं आहे, कोणत्या गोष्टींना आपला वेळ आणि आपले हात द्यायचे आहेत, याचं स्वतःपुरतं उत्तर म्हणजे मूल्य. नैतिकतेचे धडे किंवा घरातले नियम इथे अभिप्रेत नाहीत.

‘बहिणीच्या लग्नापर्यंत भुवया वाढवायच्या’ हे ध्येय. ते पुरं होतं किंवा हुकतं, आणि एका संध्याकाळी सगळं उपटलं गेलं तर संपतंच. ‘माझ्या माणसांच्या आनंदात मन लावून सामील व्हायचं’ हे मूल्य. ते भुवया नसतानाही पाळता येतं, अगदी त्याच संध्याकाळी. या सवयींत चढउतार फार असतात, म्हणून एका घसरणीने कोलमडणार नाही असं काहीतरी हाताशी लागतं.

हा विचार अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीतून, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकीवर उभ्या असलेल्या मानसोपचारातून आला आहे. तिचं थोडक्यात म्हणणं असं: मनात काय यावं यावर फारसा ताबा नसतो, ते मनात असतानाच पाय कुठे टाकायचा यावर थोडाफार असतो.

‘केस उपटायचे नाहीत’ हेच माझं मूल्य आहे, असं म्हटलं तर?

म्हणून काही उपयोग नाही. वर्तनशास्त्रज्ञ ओग्डेन लिंड्सली यांची एक कसोटी प्रसिद्ध आहे: जी गोष्ट मेलेला माणूस करू शकतो, ते वर्तनच नव्हे. केस न उपटणं, नखं न खाणं, आरशासमोर न थांबणं हे सगळं मेलेला माणूस आपल्यापेक्षा सरस करेल. ‘न करण्या’ला हात-पाय नसतात, त्यामुळे त्याचा सरावही करता येत नाही.

त्या जागी विचारा: सवयीत जाणारा वेळ आणि जीव मोकळा झाला, तर तो कुठे लावाल? तिथून मूल्याचा धागा सापडतो.

माझी मूल्यं शोधायची कशी?

वही, पेन आणि तीस-चाळीस मिनिटं. विचार करताना हात डोक्याकडे जाणाऱ्यांनी मोकळ्या हातात मऊ चेंडू किंवा रबरबँड धरून बसावं. या सरावात तसं होतंच.

आधी आयुष्याची दहा क्षेत्रं एकाखाली एक लिहा: कुटुंब, जोडीदार, मुलं, मित्रमंडळी, काम, शिक्षण, छंद आणि विरंगुळा, अध्यात्म, समाजातला सहभाग, शरीराची काळजी. ही विभागणी मानसशास्त्रज्ञ केली विल्सन यांच्या प्रश्नावलीतली आहे आणि थेरपिस्ट ती सर्रास वापरतात. लागू नसलेलं क्षेत्र खोडून टाका. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा. पहिला, हे मला किती महत्त्वाचं आहे, १ ते १०. दुसरा, गेल्या सात दिवसांत मी त्याला धरून किती वागलो किंवा वागले, १ ते १०. दुसरा आकडा लिहिताना गेल्या आठवड्यातली एखादी तरी कृती आठवली पाहिजे. नाही आठवली तर आकडा खाली आणा.

मग वेगळ्या पानावर सवयीचा जमाखर्च मांडा. गेल्या महिन्यात या सवयीपायी काय काय टाळलं? पोहायला जाणं, केस कापायला जाणं, वाऱ्यात उभं राहणं, खिडकीजवळची उजेडाची खुर्ची, फोटो, डॉक्टरांकडची तपासणी, कुणी डोक्यावरून हात फिरवणं. किती मिनिटं आरशासमोर गेली? प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न: यात माझं काय गेलं? ‘वर्गात मागच्या बाकावर बसलो, कारण मागून चट्टा दिसला असता’ या नोंदीत शिकणं गेलं. ‘मुलगी केसांशी खेळायला आली तेव्हा तिला दूर केलं’ यात काय गेलं ते सांगायला नको.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवा. जिथे दोन आकड्यांत चार किंवा जास्त अंतर आहे आणि जमाखर्चातही तेच क्षेत्र दिसतं आहे, अशी जास्तीत जास्त दोन क्षेत्रं निवडा. दहाही क्षेत्रं एकदम सुधारायला निघालेली वही तिसऱ्या आठवड्यात कपाटात जाते.

शेवटी प्रत्येक क्षेत्राचं एक वाक्य करा, क्रियापद असलेलं. ‘कुटुंब’ हे नुसतं लेबल झालं. ‘मुलीजवळ असताना शरीराने आणि लक्षाने तिथेच असणं’ हे चालेल. वाक्य तीन प्रश्नांवर घासून बघा. हे कुणाला कधीच कळणार नसेल, तरी मला हवं आहे का? सवय उद्या नाहीशी झाली, तरी हे लागू राहील का? आज झोपण्याआधी याचं काही छोटं रूप करता येईल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी मूल्य आहे. ‘नीटनेटकं दिसणं’ या प्रश्नावर वारंवार गळून पडतं.

काहीच सुचत नाही. सगळं पोकळ वाटतं.

मग मोठ्या प्रश्नांना हातच लावू नका. गेल्या आठवड्यात कुणाचा हेवा वाटला आणि कशाबद्दल? कोणती गोष्ट करताना घड्याळाकडे बघायचं राहिलं? कशाचा राग आला? राग बहुधा तिथेच येतो जिथे आपल्याला जपायचं असलेलं काहीतरी तुडवलं जातं. तीन उत्तरं पुरे. कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, असं दोन आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. या सवयींसोबत ते बऱ्याचदा असतं आणि त्याच्यावर आधी उपचार लागतात.

ऊर्मी आली त्या क्षणी नेमकं काय करायचं?

समजा, टेबलाशी बसून वाचताय. डावं कोपर टेबलावर, बोटं भांगाच्या कडेला. एक केस बाकीच्यांपेक्षा जाड, किंचित वाकडा लागतो. अंगठा आणि तर्जनी त्याला इतर केसांपासून वेगळं करतात. खरा क्षण हाच. एकदा ओढलं की पुढचे वीस केस सोपे जातात.

पहिलं काम, मनात शब्दांत सांगा: ‘बोटांना जाड केस सापडला आहे. उपटायची ऊर्मी आहे, दहात सात.’ आकडा अचूक असायची गरज नाही. तो देईपर्यंत दोन सेकंद मिळतात, आणि हात थांबलेला असतो.

दुसरं, हात खाली आणून असं काहीतरी करा की त्या स्थितीत उपटणं शक्यच नाही. मूठ हलकेच आवळून दंड बरगड्यांना टेकवा. खरडणाऱ्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर पसरून दाबावेत, नखं खाणाऱ्यांनी पेन किंवा पिशवीचा बंद धरावा. मानसशास्त्रज्ञ नेथन अ‍ॅझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग (सवयीच्या जागी दुसरी कृती बसवण्याचं प्रशिक्षण) मांडलं तेव्हा ही स्थिती तीन मिनिटं धरायला सांगितली होती; आता साधारण एक मिनिट सांगतात. चारचौघांत लक्षात येणार नाही अशीच कृती निवडा, नाहीतर घराबाहेर ती वापरलीच जात नाही.

तिसरं, त्या मिनिटात ऊर्मीशी भांडू नका. ती शरीरात कुठे आहे ते बघा: बोटांच्या टोकांत मुंग्या, टाळूवर एका जागी खाज, दातांवर दाब. श्वास चालू द्या. ती वाढेल, कमी होईल, पुन्हा वाढेल. ‘हा एक काढला की झालं’ हा विचार आला तर त्याच्या आधी पाच शब्द जोडा: ‘मनात असा विचार आला, की हा एक काढला की झालं.’ विचार तोच राहतो, पण त्याची हुकमत उतरते.

चौथं इथे सगळ्यांत महत्त्वाचं. स्वतःला विचारा: पुढची दहा मिनिटं हे हात कशाला द्यायचे? आणि आधीच ठरवून ठेवलेली कृती सुरू करा. मित्राला दोन ओळी लिहिणं, कुंडीतली माती मोकळी करणं, मुलाच्या वहीला कव्हर घालणं, पुढचं पान पेन्सिलने खुणा करत वाचणं. ऊर्मी सोबत आली तरी येऊ द्या.

चुकतं कुठे? एक, कृती त्या क्षणी शोधायला गेलं की काहीच सुचत नाही. तीन कृतींची चिठ्ठी आधीच टेबलावर, पलंगाशेजारी आणि न्हाणीघराच्या दारावर लावून ठेवा. दोन, कृती फार मोठी निवडली जाते. रात्री अकराला ‘कपाट आवरणं’ कुणी करत नाही. तीन, दर अर्ध्या मिनिटाला ‘गेली का ऊर्मी?’ म्हणून बघितलं जातं. मग मूल्याची कृती ऊर्मी घालवायचं औषध बनते, आणि औषध लागू पडलं नाही की ती सोडून दिली जाते. कृती तिच्या स्वतःसाठी करायची आहे. त्या दहा मिनिटांत ऊर्मी सातावरच राहिली, तरी मित्राला चिठ्ठी लिहून झालीच.

माझा हात नकळत जातो. भानच नसेल तर मूल्यं आठवणार कधी?

त्या क्षणी आठवणार नाहीतच. नकळत होणाऱ्या प्रकारात मूल्यांचं काम आधी असतं, तयारी करताना.

सात दिवस नोंद ठेवा. दिवसाला तीन-चार नोंदी पुरतात: वेळ, जागा, बसण्याची ढब, कोणता हात, आधी काय वाटत होतं, उपटलेल्या केसाचं काय केलं. शेवटचा तपशील लाजेमुळे गाळला जातो, पण तो मोलाचा आहे. केस ओठांवरून फिरवणाऱ्याला स्पर्श हवा असतो. मुळाशी काय आहे ते बघणाऱ्याला दृश्य हवं असतं. दोघांचे पर्याय वेगळे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मान्सुएतो यांच्या पद्धतीत नोंदी पाच गटांत लावतात: इंद्रियांना काय जाणवतं, विचार, भावना, शरीराच्या सवयी आणि जागा. सात दिवसांत बहुधा दोन-तीन जागा ठळक दिसतात. न्हाणीघराचा आरसा, पलंग, गाडीतला सिग्नल.

त्या जागांवर अडथळे लावा. दोन बोटांच्या टोकांना चिकटपट्टी, म्हणजे स्पर्श बदलतो आणि भान येतं. चिमटा आणि भिंगाचा आरसा घराबाहेर. साध्या आरशापासून हातभर अंतर, दोन मिनिटांचा गजर, मंद दिवा.

हे अडथळे शिक्षेसारखे वाटले की चौथ्या दिवशी काढून टाकले जातात. म्हणून प्रत्येकाला आपल्या मूल्याशी बांधा. ‘आरशाचा गजर, कारण दहाला मुलाला गोष्ट वाचायची आहे’ असं लिहून लावलेला गजर जास्त टिकतो. आणि गोष्ट खरोखर वाचायची. ती वाचली नाही तर नुसता गजर उरतो.

कृती किती छोटी असावी?

दोन ते दहा मिनिटांची, वाईट दिवशीही जमेल अशी, आणि केव्हा-कुठे हे ठरलेली. ‘मित्रांना जास्त वेळ देईन’ ही कृती नाही. ‘बुधवारी जेवणानंतर अमुक मित्राला फोन’ ही आहे. पहिल्या आठवड्यात रोज एक. सातांपैकी चार-पाच वेळा झाली तर आकार बरोबर आहे. दोनदाच झाली तर स्वतःला दोष देण्याआधी कृती निम्मी करा.

मूल्यं लिहिल्यापासून अपराधीपणा वाढलाय. ‘मुलीवर प्रेम असतं तर थांबले असते’ असं वाटतं.

ही या पद्धतीतली सगळ्यांत नेहमीची आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. मूल्याचा चाबूक होतो. चाबकाने लाज वाढते, लाजेने ताण वाढतो आणि ताण हीच उपटण्याची जुनी वाट. मुलीवरच्या प्रेमाचा पुरावा केसांत शोधायचा नसतो. तिच्याशी आज कसं वागलात, त्यात तो असतो.

चाबूक ओळखायचा कसा? वाक्यात ‘पाहिजे’, ‘निदान’, ‘एवढंही’ हे शब्द आले की समजावं. वाक्य मनात म्हटल्यावर छाती आवळली आणि लपून बसावंसं वाटलं तर तो चाबूक. थोडी हुरहुर आणि काहीतरी करावंसं वाटलं तर ते मूल्य. हुरहुर राहणारच. जिथे आपल्याला काही जपायचं असतं तिथेच दुखतं, त्याला इलाज नाही.

यादीत ‘स्वतःशी माणुसकीने वागणं’ हे मूल्य जरूर घाला. आमच्या मते दोनपैकी एक जागा त्यालाच द्यावी.

केस परत आले की मग पोहायला जाईन, लोकांत मिसळेन. यात काय चूक?

वाट फार लांबते. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. हाताचं नख साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे पूर्ण नख बदलायला चार ते सहा महिने. भुवयांनाही काही महिने लागतात. एकाच जागेवरून वर्षानुवर्षं उपटलं असेल तर काही केस पातळ किंवा पांढरे येतात, काही येतही नाहीत. तोवर आयुष्य थांबवलं, तर रिकाम्या संध्याकाळी वाढतात आणि सवयीला त्याच आवडतात.

टाळलेल्या गोष्टींची यादी सोप्यापासून अवघडपर्यंत लावा आणि खालच्या पायरीपासून सुरू करा. आधी टोपी घालून पोहायला, मग गर्दी नसलेल्या वेळी, मग मैत्रिणीसोबत.

म्हणजे स्कार्फ, मेकअप, विग वापरणं हा पळपुटेपणा?

मुळीच नाही. विग घालून नाटकाला गेलात तर विगने तुम्हाला नाटकापर्यंत नेलं. विग सरकेल म्हणून नाटकाला गेलाच नाहीत, तर मात्र तो तुमच्या आयुष्याचं वेळापत्रक ठरवतोय. वस्तू तीच असते. ती तुम्हाला कुठे नेते किंवा कुठून परतवते, एवढं बघायचं.

तीन आठवडे बरं चाललं होतं, काल रात्री तासभर गेला. आता?

आधी शरीर. हात साबणाने धुवा, जखम साध्या पाण्याने स्वच्छ करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी. ओलसर, झाकलेली जखम लवकर भरते आणि खपली कमी धरते; खपली कमी म्हणजे पुढच्या वेळी बोटांना सापडायला काही नाही.

मग कागदावर तीन ओळी: कुठे होतो, आधी काय वाटत होतं, कोणता अडथळा त्या वेळी जागेवर नव्हता. बहुधा चिकटपट्टी संपलेली असते किंवा झोप दोन दिवस कमी झालेली असते. चौकशी तिथेच थांबवा. ‘मी असा का आहे’ हा प्रश्न रात्री सोडवायचा नाही.

आणि त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात, मूल्याची सगळ्यांत छोटी कृती. घसरणीनंतर ‘आता गेलंच सगळं’ म्हणत दुसऱ्या दिवशीही मोकाट सुटणं हे पहिल्या तासापेक्षा जास्त नुकसान करतं.

प्रगती मोजायची कशी? मी रोज केस मोजतो.

रोजची मोजणी सोडा. ती करताना बोटं केसांत जातात आणि दिवसाचा निकाल एका आकड्यावर लागतो. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, तीन गोष्टी लिहा: ठरवलेल्या कृतींपैकी किती झाल्या, ऊर्मी असतानाही किती झाल्या, सवयीपायी काय टाळलं. दुसरा आकडा सगळ्यांत बोलका. महिन्यातून एकदा सवयीत जाणारा वेळ अंदाजे नोंदवा. चट्ट्याचा फोटो हवाच असेल तर महिन्यातून एक, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून.

घरच्यांनी काय करावं?

‘हात खाली घे’ म्हणणं थांबवावं, हे आधी. दिवसातून दहादा टोकलं की माणूस खोलीचं दार लावून घेतो. टोकायचंच असेल तर कसं ते त्या व्यक्तीलाच विचारून ठरवा: खांद्यावर हात, एखादा ठरलेला शब्द, किंवा काहीच नाही. दिसण्याबद्दल बोलू नये, कौतुकाचंही नाही. ‘केस किती छान आलेत’ हे ऐकणाऱ्याला ते गमावण्याची धास्ती बसते. मूल्याची कृती दिसली तर तिच्याबद्दल बोला.

मुलांशी ‘मूल्य’ वगैरे शब्द वापरायची गरज नाही. ‘तुझ्या हातांना काय काय करायला आवडतं?’ एवढं विचारा आणि चित्र, माती, वाद्य असं जे निघेल ते समोर ठेवा. लहान वयात पुष्कळांची ही सवय आपोआप ओसरते. वयात येताना सुरू झालेली मात्र चिवट असते.

नुसत्या मूल्यांवर भागेल का?

सौम्य सवय असेल तर कदाचित. एरवी नाही, आणि भागेल असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. सगळ्यांत भक्कम पुरावा हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंगसारख्या वर्तन-उपचाराला आहे. मूल्यं आणि स्वीकार यांची जोड त्यात मानसशास्त्रज्ञ डग्लस वुड्स आणि सहकाऱ्यांनी घातली. २००६ सालच्या चाचणीत या जोड-उपचाराने प्रतीक्षायादीतल्या, म्हणजे उपचार अजून न मिळालेल्या लोकांपेक्षा चांगला परिणाम दाखवला. मूल्यं हा त्या उपचाराचा एक भाग आहे. कंटाळवाणा सराव महिनोन्‌महिने का करत राहायचा, त्याचं उत्तर तो भाग देतो.

औषधांचं चित्र धूसर आहे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधाच्या २००९ सालच्या चाचणीत, रोज १२०० ते २४०० मिलिग्रॅम मात्रेवर, केस उपटणाऱ्या प्रौढांना प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) फायदा दिसला. मुलांवरच्या २०१३ सालच्या चाचणीत तो दिसला नाही. नेहमीच्या नैराश्यविरोधी गोळ्या केस उपटण्यावर थेट फारशा चालत नाहीत, पण सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर उपयोगी पडतात. कोणतीही गोळी, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारीसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

जखमेभोवतीची लाली पसरते आहे, जागा गरम लागते, पू येतो किंवा ताप आहे, तेव्हा. नखाच्या कडेला ठणकणारी सूज आली तेव्हा. केस गिळण्याची सवय असेल आणि पोटात दुखणं, उलट्या, थोडं खाऊनच पोट भरणं किंवा वजन घटणं सुरू झालं तर आजच. पोटात केसांचा गोळा होऊ शकतो आणि कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. केस गिळता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते सहसा विचारत नाहीत. जगणं नको वाटत असेल तर वाट बघू नका: तातडीच्या सेवेला किंवा जवळच्या माणसाला त्याच क्षणी सांगा.

थेरपिस्ट निवडताना काय विचारू?

‘केस उपटणं किंवा त्वचा खरडणं यावर तुम्ही काम केलं आहे का? हॅबिट रिव्हर्सल करता का? दोन भेटींच्या मधे घरी काय करायला देता?’ तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही, आपण बोलू’ असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा. या उपचाराला साधारण दहा-बारा भेटी धरतात, आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी. पहिल्या भेटीला सात दिवसांची नोंद आणि मूल्यांचं पान घेऊन जा. भेटीचा निम्मा वेळ वाचतो. टक्कल किंवा जखमा दाखवायची लाज वाटत असेल तर त्या दिवशी दाखवू नका, नुसतं सांगा.